ओढ्याकांठचीं झाडें आणि जॉर्ज पर्किन्स मार्श

शाळेच्या वाटेवर ओढा लागला, म्हणजे आपण दगडादगडांवरून उड्या मारीत पलीकडे जातों व पुढें चालूं लागतों. ह्याच ओढ्याच्या एका कांठावर दाट झाडी आणि समोरच्या कांठावर उघडी वाळू कां, वरच्या अंगास खडकांतून एखाददुसरें झाड डोकावतें आणि खालच्या अंगास मात्र रानच्या रान माजतें तें कां, हे प्रश्न आपल्यांपैकीं फारच थोड्यांना सुचतात. डोंगर, पाणी आणि झाड ह्या तिघांचें नातें ज्या थोड्या मनुष्यांनीं आयुष्यभर निरखून पाहिलें व जगास समजावून सांगितलें, त्यांपैकीं एका थोर पुरुषाचें हें अल्प चरित्र आहे. त्याला लहानपणीं पुस्तकें वाचण्याची बंदी झाली होती, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं आरंभींच ध्यानांत ठेवावी.

जॉर्ज पर्किन्स मार्श ह्यांचा जन्म १५ मार्च १८०१ रोजीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं व्हर्माँट नांवाच्या डोंगराळ संस्थानांत, वुडस्टॉक ह्या गांवीं झाला. त्यांचे वडील चार्ल्स मार्श हे नामांकित वकील असून कांहीं काळ राष्ट्राच्या प्रतिनिधिसभेचे सभासदहि होते. घरांतील वळण धार्मिक व कडक होतें. घराच्या पाठीशीं माउंट टॉम नांवाची टेकडी होती आणि जवळूनच ऑटाक्वीची नदी वाहत होती. ही टेकडी व ही नदी हीच ह्या मुलाची पहिली शाळा म्हणावयाची. म्हणून चरित्र पुढें नेण्यापूर्वीं त्या शाळेंतील धडा काय होता, तें थोडक्यांत पाहूं.

ऑटाक्वीची नदी व्हर्माँटच्या हिरव्या पर्वतराजींत उगम पावते. आरंभीं ती उभ्या उतारावरून दगडधोंड्यांमधून धांवते. वुडस्टॉकजवळ खोरें रुंदावतें, उतार मंदावतो आणि कांठाला सपाट, गाळाची जमीन लागते. पुढें थोड्या मैलांवर तीच नदी सुमारें १६५ फूट खोल अशा क्वीची नांवाच्या घळींत शिरते आणि खडकाच्या भिंतींमधून निघून अखेर कनेक्टिकट नदीस मिळते. एकाच नदीचीं हीं तीन रूपें आहेत. आणि नदीचें रूप पालटलें, कीं तिच्या कांठचें रानहि पालटतें.

जेथें दरी अरुंद व उतार उभा असतो, तेथें पाणी जोरानें धांवतें आणि गाळ ठरत नाहीं. पूर येतो तसाच लवकर ओसरतो, आणि कांठापासून चार पावलांवर डोंगराचा चढ सुरू होतो. त्यामुळें खास नदीचें असें निराळें रान तेथें जवळजवळ नसतेंच. डोंगराचेंच रान पाण्यापर्यंत उतरून येतें. व्हर्माँटमधील अशा थंड, सावलीच्या दऱ्यांत हेमलॉक नांवाचा सूचिपर्णी वृक्ष आणि पिवळ्या सालीचा भूर्ज हे खडकांच्या फटींत मुळें रोवून उभे असतात. जेथें खोरें रुंद असतें, तेथें सारेंच उलट. पुराचें पाणी पसरतें, मंदावतें आणि आपल्याबरोबर आणलेला गाळ खालीं टाकतें. त्या गाळावर रुपेरी मेपल व एल्म हे वृक्ष वाढतात आणि त्यांच्या खालीं कमरेइतका उंच नेचा माजतो. वसंतांत बर्फ वितळून पूर आला, म्हणजे कित्येक दिवस पाण्यांत पाय बुडवून उभें राहणें रुपेरी मेपलला सोसतें. हेमलॉकला तें सोसत नाहीं.

सपाट जमिनीवर नदी सरळ वाहत नाहीं, नागमोडी वळणें घेते. वळणाच्या बाहेरच्या अंगास धार आदळून कांठ कोरला जातो. तेथें जुने वृक्ष मुळें उघडीं पडून अखेर पाण्यांत कोसळतात. आंतल्या अंगास पाण्याचा वेग कमी, म्हणून तेथें वाळू व गाळ सांचून नवी जमीन वर येते. ह्या नव्या जमिनीवर पहिला हक्क विलोचा, म्हणजे आपल्याकडील नदीकांठच्या वाळुंजाच्या भाऊबंदांचा. त्याचें बारीक बीं कापसासारख्या तंतूंवर तरंगत येतें तें नेमकें पूर ओसरण्याच्या सुमारास. तें ओल्या, उघड्या चिखलावर पडलें तरच रुजतें, आणि अशी जागा न मिळाल्यास थोड्याच दिवसांत मरतें. रोपांनीं पाणी अडविलें, कीं आणखी गाळ बसतो, जमीन हातभर उंच होते आणि मागाहून दुसरे वृक्ष तेथें येतात. म्हणून वळणाच्या टोंकापासून आंत चालत जाणाऱ्या जाणत्या मनुष्यास झाडांच्या वयावरून नदी पूर्वीं कोठून वाहत होती, तें सांगतां येतें. नदीनें सोडून दिलेल्या जुन्या वांकांत पाणी सांचून राहतें. तेथें ऑल्डरचीं झुडुपें दाटी करतात. दोनतीन फुटांच्या उंचसखलपणानें झाडांची जात बदलते. हें सर्व नियमबद्ध रीतीनें मांडण्याचें काम पुढील काळच्या शास्त्रज्ञांनीं केलें; परंतु निसर्गाचा ग्रंथ मात्र उघडाच होता, आणि जॉर्जवर तो वाचण्याची पाळी एका संकटामुळें आली.

जॉर्जला वाचनाचें वेड फार. सातआठ वर्षांचा असतांना बारीक अक्षरांचा ज्ञानकोश वाचून वाचून त्याचे डोळे इतके बिघडले, कीं त्यास वाचन सोडावें लागलें. घरच्या माणसांनीं वाचावें आणि त्यानें ऐकून लक्षांत ठेवावें, असा क्रम कित्येक वर्षें चालला. त्या योगानें त्याची स्मरणशक्ति विलक्षण वाढली. पुस्तक मिटलें तेव्हां मुलगा रानांत हिंडूं लागला. ओढे, झाडें, फुलें व रानांतील प्राणी हे आपणांस निर्जीव वस्तूंसारखे कधींच वाटले नाहींत, ओळखीच्या माणसांसारखे वाटले, असें ते म्हातारपणींहि सांगत.

वडील कडक खरे, पण मुलास शिकविण्याची हातोटी त्यांच्या अंगीं होती. घोडागाडींतून जातांना ते त्याला बरोबर घेत. वाटेंत लागणारें झाड कोणत्या जातीचें व तें ओळखावें कसें, हें ते सांगत. डोंगरांच्या रांगा कोणत्या दिशेनें जातात, पाणी त्यांच्या अंगावर कसें गोळा होतें व कोणत्या वाटेनें खालीं उतरतें, हें दाखवीत. एकदां उंच चढाच्या माथ्यावर त्यांनीं घोडा थांबविला, तेथून पाणी निरनिराळ्या दिशांस कसें वाहतें तें मुलास पाहावयास लाविलें आणि अशा जागेस जलविभाजक म्हणतात, असें शिकविलें. हा दोन घटकांचाहि नसलेला धडा तो मुलगा जन्मभर विसरला नाहीं. ओढ्याकडे पाहावयाचें असेल तर आधीं मान वर करून डोंगराकडे पाहावें, ही दृष्टि त्यास तेथें मिळाली.

१८२० सालीं डार्टमथ कॉलेजची पदवी घेऊन मार्श ह्यांनीं थोडे दिवस शिक्षकाचें काम केलें. पुन्हां डोळ्यांनीं दगा दिला. तेव्हां इतरांकडून वाचून घेऊन त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला आणि १८२५ सालीं वकिलीची सनद मिळवून ते शँप्लेन सरोवराकांठच्या बर्लिंग्टन गांवीं राहावयास गेले. १८२८ मध्यें त्यांचा विवाह झाला. परंतु १८३३ सालीं पत्नी वारली आणि तिच्या पाठोपाठ थोड्याच दिवसांत थोरला मुलगाहि गेला. ह्या दुःखांतून सावरण्यासाठीं त्यांनीं भाषांच्या अभ्यासांत स्वतःस बुडवून घेतलें. पुढें त्यांस सुमारें वीस भाषा येऊं लागल्या. आइसलंडी भाषेचें व्याकरण त्यांनीं १८३८ सालीं छापून प्रसिद्ध केलें. १८३९ सालीं कॅरोलाइन क्रेन ह्या सुविद्य बाईंशीं त्यांचा दुसरा विवाह झाला. संसारांत मात्र लक्ष्मी त्यांच्यावर प्रसन्न नव्हती. वकिलींत मन रमलें नाहीं. लोकरीच्या व्यवसायांत नुकसान आलें. रेल्वेंत घातलेला पैसा बुडाला.

लोकरीच्या ह्या धंद्याचा आपल्या विषयाशीं निकट संबंध आहे. त्या काळीं व्हर्माँटमध्यें मेंढ्यांचें मोठें वेड पसरलें होतें. १८४० च्या गणतींत माणसें तीन लाखांहून थोडीं कमी, आणि मेंढ्या सोळा लाखांहून अधिक भरल्या. इतक्या मेंढ्यांना कुरणें हवींत. म्हणून लोकांनीं डोंगर माथ्यापर्यंत तोडून उघडे केले. कांहीं लांकूड विकलें, कांहीं जाळून त्याची राख विकली. मार्श ह्यांच्या बालपणींच्या टेकडीचीहि तीच गत झाली. परिणाम प्रथम दिसला तो नदीवर. पूर्वीं डोंगरावरील पालापाचोळ्याची जाड गादी पावसाचें व बर्फाचें पाणी पिऊन ठेवी आणि झऱ्यांच्या वाटे वर्षभर थोडें थोडें सोडी. ती गादी गेल्यावर पाणी एकदम खालीं लोटूं लागलें. वसंतांत पूर, उन्हाळ्यांत कोरडें पात्र. पुराबरोबर दगडगोटे येऊन खालच्या सुपीक कुरणांवर पसरूं लागले. कांठ खचूं लागले. ज्यांनीं नदीकांठच्या झाडास कधीं कुऱ्हाड लाविली नव्हती, त्यांचेंहि कांठचें झाड गेलें. कारण घाव वर डोंगरावर पडला होता.

१८४३ पासून १८४९ पर्यंत मार्श राष्ट्राच्या प्रतिनिधिसभेंत होते. ह्याच काळांत, ३० सप्टेंबर १८४७ रोजीं, रटलंड परगण्याच्या शेतकीमंडळापुढें त्यांनीं एक भाषण केलें. शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत पाहुण्यानें पिकांची व गुरांची वाखाणणी करावी, असा रिवाज. मार्श ह्यांनीं तीहि केली. पण त्याबरोबर स्वच्छ शब्दांत सांगितलें, कीं आपण उभे उतार बोडके केले आहेत, आणि आपल्या पुरांचें व आटलेल्या झऱ्यांचें कारण आपणच आहों. स्वतः लोकरीच्या व्यवसायांत पैसा घातलेल्या मनुष्यानें, मेंढ्या पाळणाऱ्यांसमोर हें बोलणें सोपें नव्हतें. ऐकणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं तें ऐकून सोडून दिलें असावें. डोंगर त्यानंतरहि तुटतच राहिले.

१८४९ सालीं मार्श ह्यांची तुर्कस्थानांत अमेरिकेचे वकील म्हणून नेमणूक झाली. १८५१ मध्यें त्यांनीं नाईल नदीवरून प्रवास केला व सिनाईच्या वाळवंटांतून ते पॅलेस्टाइनला गेले. जेथें पूर्वीं मोठीं नगरें, शेतें व मळे होते, तेथें उघडे खडक व कोरडीं पात्रें त्यांनीं पाहिलीं. व्हर्माँटमध्यें जें पन्नास वर्षांत घडलें, तेंच ह्या जुन्या देशांत शेंकडों वर्षांपूर्वीं घडून गेलें असावें, हा विचार त्यांच्या मनांत पक्का झाला. परत आल्यावर १८५७ सालीं व्हर्माँट सरकारनें त्यांस नद्यांतील मासे कां कमी झाले, ह्याविषयीं अहवाल लिहावयास सांगितला. दुसऱ्या कोणी फार तर कोळ्यांच्या जाळ्यांचा विचार केला असता. मार्श ह्यांनीं बंधारे, लांकडाच्या वखारींतून नदींत पडणारा भुसा आणि बेसुमार मासेमारी ह्या कारणांबरोबर डोंगरांवरील तोडहि पुढें मांडली. सावली गेली म्हणून उन्हाळ्यांत पाणी तापतें, पूर माशांचीं अंडीं वाहून नेतात, आणि कांठच्या झाडीवर जगणारे व पाण्यांत पडून माशांचें अन्न होणारे किडे नाहींसे होतात, अशी त्यांची मांडणी होती.

१८६१ सालीं अध्यक्ष लिंकन ह्यांनीं मार्श ह्यांस इटलीच्या नव्या राज्यांत वकील म्हणून पाठविलें. मृत्यूपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षें, ते त्या जागेवर होते. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं त्यांनीं डोंगरी लोंढ्यांचा अभ्यास केला. अलेक्झांडर स्यूरेल नांवाच्या फ्रेंच इंजिनिअरानें १८४१ सालीं अशा लोंढ्यांवर एक ग्रंथ लिहिला होता. त्याचा मार्श ह्यांनीं फार उपयोग केला. स्यूरेलनें दाखविलें होतें, कीं अशा ओढ्याचे तीन भाग असतात. वर नरसाळ्यासारखें पाणी गोळा करणारें खोरें, मध्यें अरुंद गळा, आणि खालीं मैदानाच्या तोंडाशीं पंख्यासारखा पसरलेला धोंड्यांचा ढीग. वरचें नरसाळें उघडें पडलें, कीं खालचा पंखा वाढत जाऊन शेतें, बागा व घरें गाडून टाकतो. उलट, ज्या खोऱ्यांत रान परत माजलें, तेथील लोंढा शांत झाला आणि त्याच धोंड्यांच्या पंख्यावर हळूहळू माती धरून झाडें आलीं. ह्या अनुभवावरूनच फ्रान्सनें १८६० सालीं डोंगरांवर पुन्हां रान लावण्याचा कायदा केला. इटलींतील कियाना खोऱ्याची हकीकतहि मार्श ह्यांनीं तपशीलानें लिहिली. तेथें नद्यांचा गढूळ पूर मुद्दाम दलदलीच्या जमिनीवर घेऊन, गाळ बसवून, जमीन उंच करण्यांत आली व रोगट प्रदेश शेतीस योग्य झाला. तेव्हां मनुष्य केवळ बिघाडच करतो असें नाहीं. पाण्याची चाल ओळखून तो सुधारणाहि करूं शकतो, हें त्यांस दाखवावयाचें होतें.

ह्या सर्व अवलोकनाचें फळ म्हणजे १८६४ सालीं प्रसिद्ध झालेला मनुष्य आणि निसर्ग ह्या नांवाचा त्यांचा ग्रंथ होय. मनुष्य निसर्गाचा मेळ बिघडवितो, अशा अर्थाचें नांव त्यांच्या मनांत होतें. तें प्रकाशकास रुचलें नाहीं. पृथ्वी मनुष्यास उपभोगासाठीं मिळालेली आहे, नासधुशीसाठीं नव्हे, हा वकिलाच्या भाषेंतील सिद्धान्त त्यांनीं त्यांत मांडला. दुसऱ्याच्या शेतांतील पीक खाण्याचा हक्क असणाऱ्यास शेताची माती विकण्याचा हक्क नसतो, हें कोणत्याहि न्यायालयांत मान्य होईल. त्या वेळीं अमेरिकेंत अंतर्गत युद्ध चालू होतें; स्वतः तंगींत असूनहि मार्श ह्यांनीं ग्रंथाचे हक्क सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या मंडळास देऊन टाकले.

ग्रंथाचा प्रसार दूरवर झाला. आपल्या देशाशीं त्याचा जो संबंध आला, तो अवश्य सांगितला पाहिजे. मद्रास इलाख्याच्या वनखात्याचा पाया घालणारे डॉ. ह्यू क्लेगहॉर्न ह्यांनीं १८६८ सालीं मार्श ह्यांस पत्र लिहून कळविलें, कीं हा ग्रंथ बरोबर घेऊन आपण हिमालयाच्या उतारांवर, काश्मिरांत आणि तिबेटांत हिंडलों. अमेरिकेंतहि विचार बदलला. न्यूयॉर्क संस्थानानें १८८५ सालीं नद्यांच्या उगमाकडील डोंगरी अरण्यें राखून ठेवण्याचा कायदा केला, त्यामागें ह्या ग्रंथाची प्रेरणा होती. मार्श ह्यांचें वुडस्टॉक येथील वडिलार्जित घर १८६९ सालीं फ्रेडरिक बिलिंग्ज नांवाच्या गृहस्थानें विकत घेतलें. तो ह्या ग्रंथाचा वाचक होता. त्यानें उघड्या माउंट टॉमवर हजारों झाडें लाविलीं. आज ती टेकडी दाट रानानें झांकलेली असून १९९२ पासून तेथें मार्श ह्यांच्या नांवानें राष्ट्रीय उद्यान आहे.

मार्श ह्यांना हें सारें पाहावयास मिळालें नाहीं. २३ जुलै १८८२ रोजीं इटलींतील व्हालोंब्रोझा ह्या ठिकाणीं त्यांचा देहान्त झाला. तेथें उंच देवदारांचें जुनें अरण्य असून इटलीची वनविद्येची शाळाहि तेथेंच होती. रोम येथील प्रॉटेस्टंट स्मशानभूमींत त्यांस पुरण्यांत आलें.

त्यांची सर्वच मतें जशींच्या तशीं टिकलीं असें नाहीं. अतिवृष्टीचा महापूर दाट जंगलहि सर्वस्वीं अडवूं शकत नाहीं, हें आज आपण जाणतों. त्याचें प्रत्यंतर व्हर्माँटलाच आलें. २८ ऑगस्ट २०११ रोजीं आयरीन नांवाच्या वादळानें तेथें भयंकर पाऊस पाडला. त्या वेळीं संस्थानाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग पुन्हां रानाखालीं आलेला होता, तरी पूर यावयाचा तो आलाच. ज्या रटलंडमध्यें मार्श ह्यांनीं १८४७ सालीं भाषण केलें, तेथून ऑटर क्रीक नांवाची नदी वाहते. रटलंडजवळ ती त्या दिवशीं प्रचंड फुगली. पण पुढें खालच्या अंगास तिचें खोरें रुंद व सपाट आहे. तेथें मैलोगणती दलदल आणि पाण्यांत उभें राहणारें मेपल वृक्षांचें रान राखलेलें आहे. पूर त्या रानांत शिरला, पसरला, मंदावला. आणि खालच्या मिडलबरी गांवीं पाणी पोंचलें तें कित्येक दिवसांत, सावकाश उतरत. लहान नदीचें पाणी खालीं जातांना वाढावयाचें, तें तेथें घटलें. ज्या गांवांच्या वर असें मोकळें खोरें उरलें नव्हतें, तेथें पूल व रस्ते वाहून गेले. डोंगर झाडी धरून ठेवी, हें मार्श ह्यांनीं सांगितलें. खोऱ्यानेंहि नदीसाठीं आपली जागा मोकळी ठेवावी लागते, हें त्या दिवसानें सांगितलें.

विद्यार्थ्यांनो, ज्याचे डोळे अधू होते त्या मुलानें काय पाहिलें, तें आपण वाचलें. आपले डोळे तर धड आहेत. पुढच्या सुटींत आपल्या गांवचा ओढा उगमापासून खालपर्यंत एकदां चालून पाहा. कोणत्या वळणावर कोणतें झाड आहे, कोणता कांठ खचतो आहे, कोठें गाळ बसतो आहे, हें वहींत टिपा; आणि कांठ उघडा दिसला, तर वर डोंगराकडे पाहा. पालकांनींहि त्या दिवशीं मुलांबरोबर जावें. चार्ल्स मार्श ह्यांनीं घोडा थांबविला तो क्षणभरच. पण तो थांबविला म्हणूनच त्यांच्या मुलाला डोंगर, पाणी व झाड ह्यांचें नातें दिसलें.